यकृतातली गाठ शिरेला खेटून असेल तर: मायक्रोवेव्ह की रेडिओफ्रिक्वेन्सी?

मैत्रिणीच्या वडिलांच्या यकृतात अडीच सेंटिमीटरची गाठ आहे, अगदी मोठ्या शिरेला खेटून. सुई घालून जाळायची हे ठरलंय, पण कोणत्या पद्धतीनं, यावर घर अडलंय.

खरा प्रश्न रक्तप्रवाहाचा. यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं, ते 37 अंशांचं. तीन मिलिमीटरहून जाड शीर शेजारी असली की ती उष्णता वाहून नेते आणि शिरेकडच्या कडेला जिवंत पेशी उरू शकतात. रेडिओफ्रिक्वेन्सीला हा फटका जास्त बसतो: विजेचा प्रवाह सुईलगतच तापवतो, पुढे उष्णता हळूहळू झिरपते, आणि ऊती करपली की प्रवाहच अडतो. मायक्रोवेव्ह आजूबाजूच्या पाण्याचे रेणू थेट हलवतं, म्हणून तापमान झपाट्यानं चढतं. रक्त तिथेही उष्णता नेतंच, फक्त कमी.

किती मोठा भाग जळतो याचे यंत्राच्या माहितीपत्रकातले आकडे बाजूला ठेवा. ते बहुतेकदा कापलेल्या जनावराच्या यकृतावरचे असतात. त्यात रक्त वाहत नसतं.

वेळ मायक्रोवेव्हला कमी लागतो, खर्च सहसा जास्त. धोकाही आहे: बारीक शिरेत गुठळी होऊ शकते, पित्तनलिका भाजू शकते.

गाठ लहान आणि मोठ्या शिरांपासून दूर असेल तर रेडिओफ्रिक्वेन्सी पुरते. शिरेजवळच्या किंवा तीन सेंटिमीटरपुढच्या गाठीला, किंवा पेसमेकर असेल तर, मी मायक्रोवेव्हबद्दल आधी विचारेन. मुख्य पित्तनलिका शेजारी असेल तर दोन्हींबाबत थांबून डॉक्टरांशी बोला.