सुट्टीला जॉब थांबवायचा कसा: क्रॉन, सिस्टमडी की विकतचा शेड्यूलर?

लिनक्समध्ये ठरलेल्या वेळी एखादं काम, म्हणजे जॉब, आपोआप चालवणारा प्रोग्राम म्हणजे क्रॉन. त्याच्या वेळापत्रकाच्या फाइलीत, क्रॉनटॅबात, वेळेचे पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. सुट्टीचा रकाना नाही, कारण सुट्टी हिशेबाने निघत नाही, ती कुणीतरी जाहीर करावी लागते. जानेवारी २०२४ आठवा. अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेसाठी सोमवारी, २२ तारखेला शेअर बाजार बंद राहिला आणि शनिवारी, २० तारखेला पूर्ण दिवस चालला. हे ठरलं ऐनवेळी. ‘सोमवार ते शुक्रवार’ लावलेले जॉब दोन्हीकडून चुकले: बाजार चालू होता तेव्हा झोपले, बंद होता तेव्हा पळाले.

म्हणून साधन निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: तारखांची यादी कोण बदलणार, आणि बदलायची राहिली तर काय होणार?

निव्वळ क्रॉनटॅबावर निभावण्याची वाट लवकर संपते. सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. दुसरा शनिवार पकडायचा म्हणून तारखेत ८ ते १४ आणि वारात शनिवार लिहिलात, तर क्रॉन त्याचा अर्थ ‘किंवा’ असा घेतो. म्हणजे ८ ते १४ रोज, शिवाय प्रत्येक शनिवारी जॉब सुटतो. सिस्टमडी हा लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम, त्याच्या टायमरमध्ये तेच लिहिलं की दोन्ही अटी जुळाव्या लागतात. निव्वळ एवढ्यासाठीसुद्धा मी सिस्टमडीला झुकतं माप देईन. क्रॉनच हवा असेल तर तारीख ८ ते १४ ठेवून वार कमांडमध्ये तपासा. तिथे टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश लागतो, नाहीतर क्रॉन कमांड तिथेच तोडतो.

दुसरी वाट जुनी आणि माझ्या मते बहुतेकांना पुरेशी: सुट्ट्यांची साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक तारीख, आणि जॉबाआधी ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने तपासणी. आजची तारीख सापडली की बाहेर पडायचं. फाइल कुणालाही वाचता येते, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवता येते, ऐनवेळची सुट्टी एका ओळीत घालता येते. खाचखळगे मात्र इथेच जास्त. यादी एक्सेलमधून काढून विंडोजवरून आणली, तर ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर चिकटून येतं आणि पूर्ण ओळ जुळवणारा ग्रेप गप्प राहतो. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख असते. रात्री दोनचा जॉब कालची सुट्टी तपासत बसतो. तारीख काढताना टाइमझोन आशिया-कोलकाता असा स्पष्ट द्या. आणि फाइलच गायब असेल तर ग्रेप संपताना २ हा कोड देतो. ‘सापडलं नाही’चा कोड १. स्क्रिप्टने दोन्ही एकाच मापाने मोजले तर दिवाळीत जॉब बिनदिक्कत चालेल.

सिस्टमडीत याच तपासणीला हक्काची जागा आहे: एक्झेककंडिशन, २०१९ च्या २४३ व्या आवृत्तीपासून. तपासणीने शून्य दिला तर जॉब चालतो. १ ते २५४ दिला तर वगळला जातो आणि अपयश म्हणून नोंदला जात नाही. २५५ दिला तर अपयश. ‘सुट्टी म्हणून थांबलो’ आणि ‘बिघडलो’ हा फरक सिस्टमडीच्या नोंदवहीत, जर्नलमध्ये, दिसतो, क्रॉनमध्ये तो तुम्हाला स्वतः लिहावा लागतो. पण टायमरच्या पर्सिस्टंट पर्यायाकडून भलती अपेक्षा नको. मशीन बंद असताना हुकलेला जॉब तो नंतर चालवतो. सुट्टीमुळे वगळलेला दुसऱ्या दिवशी चालवत नाही.

फाइल कोण सांभाळणार, म्हणून काही जण पायथॉनच्या हॉलिडेज लायब्ररीकडे, म्हणजे सुट्ट्यांच्या तयार कोडकडे, वळतात. त्यात भारतातली राज्येही आहेत. पण सप्टेंबर २०२४ मध्ये अनंत चतुर्दशी १७ ला आली म्हणून राज्य सरकारने मुंबईतली ईद-ए-मिलादची सुट्टी १६ वरून १८ ला नेली. शेअर बाजार मात्र दोन्ही दिवशी चालू होता. एकाच शहरात दोन पंचांगं. लायब्ररीने पहिला मसुदा काढून घ्या, अंतिम यादी ज्याच्या सुट्ट्या पाळायच्या त्याच्या परिपत्रकावरून.

कंट्रोल-एम किंवा ऑटोसिस या विकतच्या शेड्यूलरांत नावानिशी कॅलेंडरं असतात, आणि ‘सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी’ हा नियमही लावता येतो. पगार, महिनाअखेर, एकमेकांवर अवलंबून असलेले शेकडो जॉब असतील तर हा खर्च समजू शकतो. चार अहवालांसाठी नाही. एअरफ्लो या फुकटच्या शेड्यूलरमध्ये २.२ आवृत्तीपासून स्वतःचं टाइमटेबल, म्हणजे जॉब कधी चालेल याचा नियम, कोडमध्ये लिहिता येतं, पण तो कोड सांभाळणारा माणूस हवा.

काही जॉब तर थांबवायचेच नसतात. बॅकअप उघडच, पण एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सगळे दिवस चालतं. त्यांच्या ताळमेळाचा जॉब ‘बँक हॉलिडे’ म्हणून वगळलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट ढीग.

एक-दोन मशीन असतील तर फाइल आणि सिस्टमडी ही जोडी घ्या. फाइलमध्ये सुट्टीचे दिवस आणि कामकाज चालू असलेले शनिवार असे दोन भाग ठेवा, आणि तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये पहिलीच ओळ अशी लिहा: चालू वर्षाची एकही तारीख फाइलमध्ये नसेल तर २५५ देऊन बाहेर पड.