वाढीव हप्ता की मोफत बस : इंदूरच्या भगिनी मंडळांसाठी एक तुलना

आमदारांना किंवा नगरसेवकांना द्यायच्या निवेदनात एकच मोठी मागणी लिहायची झाली, तर ती लाडली बहना योजनेचा (मध्य प्रदेश सरकार महिलांच्या खात्यात दरमहा जमा करते तो) हप्ता वाढवण्याची असावी की शहर बसचा प्रवास महिलांना मोफत करण्याची, हा प्रश्न इंदूरच्या मराठी भगिनी मंडळांत निघाला की महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचे उदाहरण हमखास पुढे येते. तिकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे आणि २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपयेही मिळू लागले. आपल्याकडे हप्ता आहे, पण एसटीसारखी राज्यभरची सवलत नाही. ती द्यायला महामंडळही उरलेले नाही, कारण मध्य प्रदेशाने आपले परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्येच घेतला.

आधी हप्त्याकडे पाहू. जून २०२३ मध्ये १,००० रुपयांनी त्याची सुरुवात झाली, त्याच वर्षी तो १,२५० झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून १,५०० झाला. ज्या घरात बाईच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा कधी आलाच नव्हता, तिथे ठरलेल्या तारखेला तिच्याच खात्यात जमा होणारी रक्कम फार मोठी गोष्ट आहे, आणि तिला ‘रेवडी’ म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. औषध, मुलांची फी, भिशी किंवा माहेरची भेट यांपैकी कशासाठी हा पैसा वापरायचा, हे ती ठरवते. ज्या खेड्यात बसच येत नाही तिथल्या स्त्रीलाही तो मिळतो, आणि ग्रामीण भागापुरता हा मुद्दा निर्णायक आहे.

मात्र हप्त्याला अटींचे कुंपण आहे. लाभार्थी विवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता असावी, तिचे वय २१ ते ६० या मर्यादेत असावे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे आणि समग्र आयडी (मध्य प्रदेशातला कुटुंब व सदस्यांचा ओळख क्रमांक), आधार व बँक खाते यांची जोडणी पुरी झालेली असावी. म्हणजे भंवरकुआँ परिसरात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी अविवाहित मुलगी बाहेर राहते आणि साठी ओलांडूनही दोन घरचा स्वयंपाक करणारी बाईही बाहेर राहते. शिवाय हप्ता महागाईशी बांधलेला नाही. तो वाढतो तेव्हा घोषणेने वाढतो आणि मधल्या काळात बाजारभाव त्याला गुपचूप कमी करत राहतात.

मोफत बसमध्ये लग्न किंवा उत्पन्न तपासावे लागत नाही; काही ठिकाणी फार तर त्या राज्याच्या रहिवासाचा पुरावा लागतो. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून, तमिळनाडूत २०२१ पासून साध्या शहर बसगाड्यांत आणि कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली महिला विनाशुल्क प्रवास करतात. घरातल्या प्रत्येक वस्तूवर इतरांचा हक्क पोहोचतो, पण तिकिटाची सवलत सासरच्या कोणालाही काढून घेता येत नाही, हे मला तिचे सर्वांत मोठे सामाजिक मूल्य वाटते. हिशेबही छोटा नाही. समजा एका खेपेला १५ रुपये लागत असतील आणि महिन्यात २६ दिवस जाणे-येणे असेल, तर ७८० रुपये वाचतात, म्हणजे आजच्या हप्त्याच्या निम्म्याहून अधिक. भाडे वाढले तरी ही सवलत आपोआप तेवढीच मोलाची राहते. लांबच्या कामाला बसभाड्यामुळे नकार देणारी स्त्री ते काम स्वीकारू शकते, हा लाभ तर या आकड्यात धरलेलाच नाही.

पर्यावरणाच्या बाजूने दोन्हींची बरोबरी होत नाही. हप्त्यातला प्रवासावर खर्च होणारा भाग शेअर रिक्षाला किंवा दुचाकीच्या पेट्रोलला जातो. बसवर खर्च झालेला सरकारी रुपया रस्त्यावरची वाहने कमी करू शकतो.

पण इंदूरसाठी खरी अडचण इथेच आहे, आणि निवेदन लिहिताना तिच्यावर अधिक वेळ द्यावा. एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी बसची स्वतंत्र मार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली होती. २०२५ मध्ये तीच तोडायला सुरुवात झाली. मेट्रोचा सुमारे ६ किलोमीटरचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला, परंतु तो सुपर कॉरिडॉरवर आहे आणि रामबाग, सुदामानगर किंवा लोकमान्यनगरातून रोज कामाला निघणाऱ्या स्त्रीच्या वाटेवर तो येत नाही. शहराच्या बस कंपनीची मालकी सार्वजनिक असली, तरी गाड्या चालवण्यात खासगी कंत्राटदारांचा मोठा वाटा आहे. ज्या कंत्राटदाराची कमाई तिकिटावर अवलंबून असेल, त्याच्या चालकाला थांब्यावर उभ्या महिलांसाठी गाडी थांबवण्यात काहीच रस राहणार नाही. दिल्लीत यावर गुलाबी तिकिटाचा उपाय केला गेला : प्रवासी पैसे देत नसे, तरी प्रत्येक तिकिटामागे सरकार १० रुपये भरपाई देत असे. दुसरा मार्ग कंत्राटदाराला धावलेल्या किलोमीटरवर मोबदला देण्याचा आहे. भरपाई रखडली, तर मात्र दोन्ही पद्धतींत गाड्या दुरुस्तीविना आगारात उभ्या राहतात.

म्हणून ज्या मंडळाच्या बहुतेक सदस्या महू, देपालपूर किंवा सांवेरच्या खेड्यांत राहतात, त्यांनी हप्ता आणि त्याच्या वयाच्या अटी यांवर भर द्यावा. शहरातल्या मंडळांनी माझ्या मते बस मागावी, आणि त्यासाठी हप्त्याला कात्री लावण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा. कर्नाटकात मोफत बस आणि गृहलक्ष्मीचे दरमहा २,००० रुपये या दोन्ही योजना एकाच वर्षी सुरू झाल्या. मागणीचा क्रमही महत्त्वाचा आहे : आपल्या मार्गावर सकाळी सहा ते रात्री दहा किती मिनिटांनी गाडी येईल हे पहिल्या ओळीत, कंत्राटदाराला किलोमीटरवर मोबदला दुसऱ्या ओळीत, आणि मोफत तिकीट तिसऱ्या.