ब्यूरोकडून बाळ सांभाळणारी ताई: पडताळणीतलं काय कामी आलं, काय नाही (काही महिन्यांनंतर)

वापर पुण्यातला. दहा महिन्यांचं बाळ, दिवसाची बारा तासांची ताई, ब्यूरोमार्फत, म्हणजे घरकामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत. ब्यूरोचं नाव लिहीत नाही. हातात पडणारी फाइल अशी: आधारची झेरॉक्स, एक फोटो, ब्यूरोचा गुमास्ता (दुकान नोंदणीचा कागद) आणि 'पोलीस व्हेरिफाइड' असा शिक्का. गुमास्त्यावरून दुकान नोंदलेलं आहे एवढंच कळतं. शिक्का दिसला की पोलिसांच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. पुढे येते ती ठाण्यात दिलेल्या फॉर्मची पोच असेल, तर अर्ज गेलाय, इतकाच त्याचा अर्थ.

आधारचा क्यूआर यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अ‍ॅपनेच स्कॅन करायचा. साध्या स्कॅनरवर नुसती आकड्यांची रांग येते. झेरॉक्सवर क्यूआर पुसट असतो, म्हणून मूळ कार्ड किंवा पीडीएफ मागावं. फोटो, पत्ता आणि विशेषतः जन्मतारीख छापलेल्याशी ताडून बघा. कार्ड मात्र ठेवून घेऊ नका. शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार आपल्या नोंदीला पुरतं.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज तिच्या नावाने करावा लागतो. फी आपण भरावी. कार्डावर पत्ता नांदेडचा आणि राहणं वारज्यात भाड्याने, असं असेल तर दोन्ही पत्ते द्या, नाहीतर चौकशी चुकीच्या ठिकाणी होते. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी वेबसाइटवर नाव, वर्ष आणि न्यायालय टाकून खटले फुकटात शोधता येतात, पण माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं टाकायला हवीत, इंग्रजी स्पेलिंग बदलून. नावं सारखी निघतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि तालुका जुळल्याशिवाय कुणावर संशय घेऊ नये. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून आहे, ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. 'आम्ही त्यात बघितलंय' म्हणणारा ब्यूरो सरळ थाप मारतोय.

'नर्स' म्हणून जास्त दर लावला असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. दवाखान्यात आया म्हणून काम केलेली बाई बाळ उत्तम सांभाळू शकते, पण मग दर नर्सचा नको.

सर्टिफिकेटांपेक्षा स्वयंपाकघरातली दहा मिनिटं जास्त सांगतात. पावडरचं दूध करायला लावा: आधी मोजून पाणी, मग सपाट चमचा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. ग्लासभर पाण्यात थोडी थोडी पूड टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं. घशात अडकलं तर काय कराल, हे बाहुलीवर करून दाखवायला सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. पोट दाबणं किंवा न दिसणारी वस्तू काढायला बोट घालणं हे उत्तर आलं, तर शिकवल्याशिवाय बाळ एकटं सोपवू नका. येत नाही म्हणून लगेच नकार द्यायचं कारण नाही. शिकायची तयारी आहे का, ते बघायचं.

सगळ्यात उपयोगी ठरले ते जुन्या घरांना केलेले फोन. ब्यूरोने दिलेला नंबर त्यांच्याच माणसाचा असू शकतो. म्हणून आधी ताईंनाच विचारा: मूल केवढं होतं, कितवा मजला, काम कोणत्या महिन्यात सुटलं. मग फोनवर मुद्दाम एक गोष्ट चुकीची बोला, 'तुमची जुळी होती ना?' खरी आई तिथल्या तिथे दुरुस्त करते. बनावट ओळख 'हो हो' म्हणते. 'कशी होती?' याला सगळेच 'चांगली' म्हणतात. त्याऐवजी मूल रडून थांबेना तेव्हा काय करायच्या, फोनवर किती असायच्या, उद्या परत ठेवाल का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराआधीची शांतता नीट ऐका. मधली रिकामी वर्षं बाळंतपणाची किंवा गावाकडच्या आजारपणाची असतात. त्यात लपवाछपवी शोधू नये.

छातीचा एक्स-रे टाळू नका, तोही आपल्या खर्चाने. टीबी घरातल्या लहान मुलाला पटकन गाठतो. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आधी तपासणी, मग कामावर.

सुरुवातीचा आठवडा पगारी आणि घरात कुणीतरी असताना. कॅमेरा असेल तर तो कुठे आहे ते सांगून लावावा.

महिने गेले की ही माहिती शिळी होते. नंबर बदलतो, खोली बदलते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर नव्याने लिहून घ्यावा. खरी फट मात्र बदलीत आहे. ताई रजेवर गेल्या की ब्यूरो सकाळी आठला दुसरीच बाई दारात उभी करतो आणि तिची फाइल 'संध्याकाळपर्यंत पाठवतो' म्हणतो. करारात बदलीच्या बाईचं नाव आधीच लिहून घ्या आणि तिचीही पडताळणी पहिल्याच महिन्यात उरका. ते झालेलं नसेल तर त्या दिवशी घरून काम करा किंवा आजीला बोलवा.