‘सगळे नंबर जुळतात’ म्हणणाऱ्यापासून सांभाळा: लुगरच्या नावाखाली माझे ६,२०० डॉलर गेले

लुगर म्हणजे जुनं जर्मन पिस्तूल. पिस्तुलाचे ४,८०० आणि लाकडी दस्ता व चामड्याच्या खोळीचे १,४००. एकूण ६,२०० डॉलर, सगळे रोख. रोख का दिले, असं कृपा करून विचारू नका. गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-मेळाव्यात, टेबलावरचा म्हातारा क्रेडिट कार्डाचं यंत्र घेऊन बसत नाही. चेक देतो म्हटलं की तो वस्तू कापडात गुंडाळून बाजूला ठेवतो आणि पुढच्या माणसाशी बोलायला लागतो. जे कधी गेलेत त्यांना हे माहीत आहे.

आणि मी नवखा नव्हतो, हे आधीच सांगतो, कारण मंडळात गोष्ट पसरल्यापासून ‘तुला कशाला नाही ते धंदे’ हे बरंच ऐकून झालंय. माझ्याकडे जुनी शस्त्रं जमवण्याचा केंद्र सरकारचा परवाना आहे, ३० डॉलरमध्ये ३ वर्षांचा, नोंदवहीसकट. घरात आधीची दोन लुगर आहेत, एक बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्याचं, एक माउझर कारखान्याचं, १९४२ चं, ‘बीवायएफ ४२’ शिक्क्याचं. दोन्ही योग्य भावात घेतलेली, दोन्ही अस्सल. म्हणजे ज्याला काहीच कळत नाही असा माणूस फसला, अशी ही गोष्ट नाही. ज्याला अर्धं कळतं त्यालाच ही मंडळी शोधत असतात.

शो ओहायोतला, आम्ही राहतो शेजारच्या इंडियानात. टेबलावर आर्टिलरी लुगर होतं, म्हणजे २०० मिलीमीटर नळीचं, मागे ८०० मीटरपर्यंतचा नेम धरायची पट्टी असलेलं. जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलेल्या नेहमीच्या पी-०८ ची नळी १०० मिलीमीटरच्या आसपास असते. लांब नळीचं तोफखान्यासाठी केलेलं, मागे लाकडी दस्ता अडकवून छोट्या बंदुकीसारखं वापरायचं. नेहमीच्याला जो भाव मिळतो त्याच्या दुपटी-तिपटीने हे जातं. सगळ्या लबाडीचं मूळ तिथेच आहे.

आता ती वेळ. तिच्यामुळे अजून झोप उडते.

त्याने पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि एकेका भागावर बोट ठेवायला सुरुवात केली. लुगरच्या बारीकसारीक भागांवर सिरीयल नंबरचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असतात; सगळीकडे तेच अंक, म्हणजे सगळे भाग मूळचे, असं धरतात. ‘हे बघ ३७, इथे ३७, ट्रिगरवर ३७, साइड प्लेटवर ३७, नेमपट्टीवरसुद्धा ३७.’ मी मान डोलावत त्याच्या बोटामागे फिरत होतो. आणि त्याच बोटाच्या इंचभर अलीकडे, टॉगलवर, म्हणजे पिस्तुलाच्या माथ्यावरच्या दुमडणाऱ्या सांध्यावर, मुकुट आणि त्याखाली ‘एर्फुर्ट’ असा ढळढळीत शिक्का होता. चेंबरवर, म्हणजे गोळी बसते त्या भागावर, साल १९१७.

एर्फुर्टच्या सरकारी कारखान्याने लांब नळीचं लुगर बनवलं ते फक्त १९१४ साली. त्यानंतर १९१८ पर्यंतची सगळी डीडब्ल्यूएमची. एर्फुर्ट १९१७ चं आर्टिलरी लुगर असूच शकत नाही. हे मला माहीत होतं! पुस्तकात वाचलेलं, पेन्सिलने खूण केलेली. दोन्ही शिक्के मी वाचले, मोठ्याने वाचले, आणि तो म्हणाला, ‘एर्फुर्ट, त्यामुळे आणखी दुर्मीळ.’ मी म्हटलं, ‘हो, खरंय.’ हे माझे शब्द. डोक्यात ३७ चा पाढा चालला होता, दुसरं काय सांगू.

त्यात बाजूला एक टोपीवाला उभा होता. ‘तुम्ही घेत नसाल तर मी ५,००० ला घेतो.’ तो त्याचाच माणूस होता यावर मी आता पैज लावायला तयार आहे. सिद्ध मात्र करता येत नाही.

बहुतेक ३७ खोटे नव्हतेच, यात खरी हुशारी होती. पिस्तूल अस्सल एर्फुर्ट १९१७, नेहमीच्या आखूड नळीचं. मूळ नळी काढून लांब नळी चढवली, ही नवी नळी सुट्या भागांत उघड विकत मिळते. मग नळीवर आणि नेमपट्टीवर तेवढे नंबर ठोकले. म्हणजे सांगणारा पंचाण्णव टक्के खरं बोलत होता. पुढे एका जाणत्या संग्राहकाने भिंग लावून दाखवलं: नळीखालचा ७ फ्रेमवरच्या ७ च्या साच्यातला नाही. नळीच्या आतला व्यास सांगणारा ‘८,८२’ सारखा आकडा तिथे नाहीच. एर्फुर्टवाले तपासनीस जवळपास प्रत्येक भागावर मुकुटाचा ठसा मारत, इथे नळी कोरी. नळी आणि ती जिच्यात बसते त्या रिसीव्हरच्या सांध्यावरची रेघ एकाच ताज्या छिन्नीची. रंग जुळावा म्हणून सगळ्याला पुन्हा ब्लुइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलेलं, त्यामुळे घासून अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या आणि जुन्या गंजाच्या खड्ड्यांच्या तळातही निळा रंग. ट्रिगरचा मूळचा गवती पिवळा रंग लिंबासारखा भडक. दुकानाच्या उजेडात हे शेंबड्या पोरालाही दिसेल, पण त्या हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं. टॉर्च न्या. तो म्हणाला ‘टॉर्च नको, सगळे संशय घेतात’ तर वस्तू खाली ठेवा.

कागदाचंही ऐका. त्याने १९४५ चं ‘युद्धात हस्तगत’ प्रमाणपत्र दाखवलं, म्हणजे शत्रूचं शस्त्र घरी न्यायला सैनिकाला अधिकाऱ्याने दिलेला कागद, आजोबांचं म्हणून. १९१७ चं पिस्तूल १९४५ मध्ये कसं, तर उत्तर तयार: जुनी पिस्तुलं दुसऱ्या महायुद्धातही वापरात होती. हे खरं आहे, म्हणून मी गप्प बसलो. कागदावरचा सिरीयल नंबर बाकीच्या ओळींपेक्षा ठळक, वेगळ्या टाइपरायटरचा. वस्तूला कागद चिकटवता येतो. भाव वस्तूचा करा, गोष्टीचा नव्हे.

किंमत करायला दिली तर १५० डॉलर फी घेऊन उत्तर आलं: पिस्तूल १,३००, तेही फक्त नेमबाजीसाठी, दस्ता नवा, खोळसुद्धा नवीच, दोन्ही मिळून २५०.

मग सुरू झाली दारोदार. आयोजक म्हणाले, आम्ही फक्त टेबलं भाड्याने देतो. टेबल कुणाच्या नावावर होतं? सांगता येणार नाही. त्या गावच्या पोलिसाने पाच मिनिटं ऐकून ‘दिवाणी बाब’ असा शेरा दिला. तक्रार क्रमांक मागितला तर म्हणाला, गुन्हाच नाही तर क्रमांक कसला? बनावट नंबर ठोकून हजारो डॉलर घेणं गुन्हा नाही, आणि माझी गाडी तिथे वीस मिनिटं जास्त उभी राहिली त्याचे ३५ डॉलर मात्र गुन्हा! ग्राहक तक्रारीच्या खात्यात लांबलचक अर्ज भरला. उत्तर: विक्रेता व्यावसायिक नाही, खाजगी व्यक्ती आहे, आमच्या कक्षेत येत नाही. दर शोला टेबल लावणारा माणूस खाजगी!

स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं न्यायालय, उरलं. ओहायोत मर्यादा ६,००० डॉलर. माझे ६,२००. दोनशे सोडून देतो म्हटलं, तर समन्स पाठवायला पत्ता हवा. नोंदवहीत विक्रेत्याचा पत्ता लिहावाच लागतो, मी तो त्याच्या लायसन्सवरून उतरवलेला. तो निघाला भाड्याची टपालपेटी, बंद केलेली. वकिलाने पहिल्या भेटीचेच ३०० मागितले, तिथून परत फिरलो.

शेवटी केंद्राच्या संबंधित खात्याला फोन केला. पलीकडच्या बाईंना फसवणुकीत काडीचा रस नव्हता. पहिला प्रश्न: ‘तो दस्ता पिस्तुलाला लावलेला आहे का?’ अस्सल आर्टिलरी लुगरला दस्त्याची सूट आहे. जुळवाजुळव केलेल्याला नाही. त्याला दस्ता लावला की १९३४ च्या कायद्याने ती आखूड नळीची रायफल ठरते, नोंदणी नसेल तर दहा वर्षांपर्यंत कैद. म्हणजे चोर मोकळा आणि माझाच जबाब! त्याच संध्याकाळी दस्ता घराबाहेर काढला. तुमच्याकडे संशयास्पद लांब लुगर आणि दस्ता एकत्र असतील तर उद्याची वाट पाहू नका.

हे वाचून कुणी ‘नंबर जुळतात’ म्हणाला तर आधी कारखाना आणि साल वाचा, मग नळी उलटी करा, अंक सगळ्यात शेवटी. आणि बाजूचा माणूस जास्त भाव बोलला तर त्यालाच घेऊ द्या.

गेल्या आठवड्यात मिशिगनच्या एका संग्राहकाचा मेल आला. सोबत त्याच्या प्रमाणपत्राचा फोटो: तोच अधिकारी, तीच सही, तोच टाइप, फक्त नंबर वेगळा आणि तसाच ठळक. त्याने ५,२०० मोजले होते, दस्ता वेगळा.