घडलेलं की घडवलेलं? ओळखायच्या दोन पद्धती

एखादी वस्तू आपसूक घडली की कुणी विचार करून घडवली, हे ठरवायचं असेल तर प्रामुख्याने दोन वाटा आहेत. एक वस्तूची गुंतागुंत बघते, दुसरी घडवण्याच्या खुणा शोधते. मला दगडी हत्यारांचा नाद आहे आणि जुनी यंत्रं उघडून बसायचाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्या हातात अक्षरशः येऊन पडतो. दोन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत. या प्रश्नाचं जुनं रूप म्हणजे विल्यम पॅली यांचं घड्याळ: माळावर घड्याळ सापडलं तर ते बनवणारा असणारच, तसाच सजीवांनाही असणार. डार्विननंतर त्यावर उत्तर दिलं गेलं की नैसर्गिक निवडीने अशा रचना बनवणाऱ्याविना घडू शकतात. तो वाद इथे पुन्हा उकरत नाही. देव आहे की नाही याचा निकाल यांपैकी एकाही पद्धतीने लागत नाही. तोच हवा असेल, तर पुढे वाचून निराशा होईल.

गुंतागुंतीची पद्धत वरवर फार देखणी आहे. सजीवांमागे रचनाकार आहे असं मानणाऱ्या विल्यम डेम्बस्की यांनी १९९८ मध्ये ती चाळणीच्या रूपात मांडली. आधी विचारायचं, हे निसर्गनियमाने होतं का? नसेल, तर योगायोगाने होण्याइतकं सोपं आहे का? तेही नसेल आणि वस्तूत एखादा स्वतंत्रपणे ओळखता येणारा नमुना असेल, तर ती रचना. त्याआधी दोन वर्षं त्याच मताचे मायकेल बीही यांनी जीवाणूच्या कशाभिकेचं, म्हणजे त्याला पोहायला लावणाऱ्या फिरत्या शेपटीचं, उदाहरण गाजवलं होतं. यातला एकही भाग काढला तर सगळंच बंद पडतं, मग हे टप्प्याटप्प्याने जुळलं कसं?

या पद्धतीचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. घडवणारा कोण हे माहीत असावं लागत नाही, वस्तू हातात असावी लागत नाही, आणि रोजच्या व्यवहारात अंदाज बहुतेक वेळा बरोबरच येतो. वाळूत स्क्रू सापडला तर तो लाटांनी वळवला असं कुणी म्हणत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. या चाळणीतून येणारं उत्तर वस्तूपेक्षा विचारणाऱ्याच्या माहितीवर जास्त अवलंबून असतं. १९६७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांना आकाशातून दर १.३ सेकंदांनी येणारे ठोके सापडले. इतके नियमित, की त्या स्रोताला अर्धवट थट्टेने ‘छोटे हिरवे लोक’ असं नाव पडलं. त्या दिवसांत चाळणी लावली असती तर नियम माहीत नाही, योगायोग शक्य नाही, म्हणजे रचना. मग आकाशाच्या दुसऱ्या भागांतही तसेच स्रोत मिळाले आणि लवकरच ते फिरणारे न्यूट्रॉन तारे आहेत हे पटलं. ठोके तेच राहिले, आपल्याला एक नियम जास्त कळला इतकंच.

कशाभिकेचंही थोडंफार तसंच झालं. काही जीवाणू यजमान पेशीत प्रथिनं टोचण्यासाठी जी सुईसारखी यंत्रणा वापरतात, तिचे भाग कशाभिकेच्या तळाशी जुळतात. म्हणजे सगळे भाग नसले तरी उरलेल्यांना दुसरं काम असू शकतं. समर्थकांकडे यावरही उत्तरं आहेत, टीकाकारांकडे त्यांची प्रत्युत्तरं आहेत. २००५ मध्ये, ही मांडणी शाळेत आणण्यावरून झालेल्या डोव्हर गावच्या खटल्यात, अमेरिकन न्यायालयाने ही मांडणी विज्ञान नाही असं म्हटलं, पण मला तो निकाल निर्णायक वाटला नाही. न्यायालयाने उलट म्हटलं असतं तरी माझी तक्रार राहिलीच असती.

कारण समजा चाळणी बरोबर निघाली, तरी पुढे काय? कोणत्या अवजाराने, कोणत्या क्रमाने, केव्हा, उजव्या हाताने की डाव्या, कशाचंच उत्तर ती देत नाही. ‘रचना आहे’ म्हटलं की काम संपतं. जाणकार मित्रांबरोबर अशा चर्चा खूप रंगल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी मला तीच एक गोष्ट बोचते: दगड टेबलावर पडलेला असतो, ‘हे आपोआप होणं शक्य आहे का’ यावर रात्र जाते, आणि दगड कुणी उलटूनसुद्धा बघत नाही. माझा कल तिथेच ठरला.

खुणांची पद्धत दगड उलटायला लावते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात केंट परगण्यात ओबडधोबड फुटलेले चकमकीचे दगड सापडले. ती माणसाची सर्वांत आद्य हत्यारं आहेत असं काहींचं ठाम मत होतं, तर ते नैसर्गिकरीत्या फुटलेत असं इतरांचं. आकारावरून वाद कित्येक वर्षं मिटला नाही. १९३९ मध्ये आल्फ्रेड बार्न्स यांनी छिलके, म्हणजे ठोक्याने उडालेल्या कपच्या, जिथून निघाले तिथले कोन मोजले. माणसाने घडवलेल्या दगडांत विशालकोन थोडे असतात, निसर्गाने फोडलेल्यांत भरपूर. नदीला किंवा हिमनदीला छिलका नीट निघावा अशी गरज नसते, ती कुठूनही आपटते. माणूस मात्र लघुकोनाची कड शोधतो. मी स्वतः दगड घडवायला बसतो तेव्हा कोनमापक वापरत नाही, पण कड बोथट असली की छिलका निघण्याऐवजी नुसता चुरा होतो, हे मनगटाला लगेच कळतं. नेमका ठोका बसला की त्या जागेखाली छिलक्याच्या आतल्या अंगावर गुळगुळीत फुगवटा उमटतो. तो निसर्गातही अधूनमधून दिसतो, म्हणून एकट्यादुकट्या फुगवट्यावर मी भरवसा ठेवत नाही. एकाच गाभ्यावर, म्हणजे ज्या दगडातून छिलके काढतात त्यावर, एकामागून एक, एका दिशेने निघालेले छिलके दिसले की मात्र बोलायला जागा मिळते.

ही पद्धत उलट बाजूनेही चालते. १९१२ मध्ये जाहीर झालेला इंग्लंडातल्या पिल्टडाउनचा बनावट ‘आदिमानव’ १९५३ मध्ये उघडा पडला, त्यात दाढांवर भिंगाखाली दिसलेल्या घासकामाच्या ओरखड्यांचा मोठा वाटा होता. जबडा वानराचा, दाढा कानशीने सपाट केलेल्या, वर जुनाट दिसावं म्हणून रंग. इथे गुंतागुंत बघून काय हाती लागणार? वानराचा जबडा तसाही गुंतागुंतीचाच असतो.

काही जण तिसरी कसोटी सुचवतात, ‘उपयोग काय ते बघा’. ती मी लवकर सोडून दिली. अँटिकिथेरा या ग्रीक बेटापाशी बुडालेल्या प्राचीन जहाजातून १९०१ मध्ये वर आलेल्या कांस्य यंत्राचं काम नीट उलगडायला शतक लागलं. पण त्रिकोणी दात कापलेली चक्रं दिसल्यावर ते कुणीतरी बनवलंय याबद्दल शंका राहिली नाही.

सजीवांकडे वळलो की दोन्ही बाजूंचे लोक घाई करतात असं मला वाटतं. जिराफाच्या स्वरयंत्राची एक मज्जातंतू मेंदूपासून मान उतरून हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर स्वरयंत्राशी येते. हे पाहून ‘असं कोण बनवेल?’ असं विचारलं जातं. वाईट रचना म्हणजे रचनाकार नाही, असं मी तरी म्हणणार नाही. मी उघडलेली यंत्रं पाहता तर नाहीच. त्या वळशातून एवढंच वाचता येतं की शरीराला इतिहास आहे. माशासारख्या पूर्वजात तो मार्ग सरळ होता, मान लांबली तशी मज्जातंतू ताणली गेली. यंत्रात कानशीचे चरे, ओतकामाची शिवण, न वापरलेली भोकं दिसतात. शरीरात वंशपरंपरेच्या खुणा दिसतात. अवजाराच्या खुणा मला तिथे अजून दिसलेल्या नाहीत.

सजीवात त्या असूच शकत नाहीत असंही नाही. २०१० मध्ये जीवशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या गटाने प्रयोगशाळेत जोडलेला जीनोम, म्हणजे जीवाचा संपूर्ण डीएनए, एका जीवाणूत चालवून दाखवला. त्यात त्यांनी मुद्दाम खुणेच्या मजकुराचे तुकडे घातले होते: सहभागी लोकांची नावं आणि काही अवतरणं. त्यातलं भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचं अवतरण चुकीचं निघालं आणि नंतर दुरुस्त करावं लागलं. इतका स्पष्ट पुरावा चाळणी कधी देईल का, मला शंका आहे.

माझ्या आवडत्या पद्धतीतही दोन जागा मऊ आहेत. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं दगडावर दगड आपटताना धारदार छिलके पाडतात आणि ते वापरतच नाहीत, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे ठोक्याची खूण खरी, हेतू मात्र नाही. आणि नासाच्या एसटी५ या छोट्या उपग्रहांच्या मोहिमेवर २००६ मध्ये गेलेला अँटेना संगणकावर उत्क्रांतीच्या पद्धतीने निवडलेला होता; वेडीवाकडी तार वाटावी असा आकार कुणा अभियंत्याने रेखाटला नव्हता. ती घडवलेली वस्तू की घडू दिलेली? मी अजून एका बाजूला गेलेलो नाही. परग्रहावरून येऊ शकणाऱ्या संदेशांसारख्या प्रश्नात, जिथे कारागिराबद्दल काहीच माहीत नाही, तिथे पहिल्या पद्धतीकडे जावंसं वाटेल. तरी तिथलेही शोधक अतिशय अरुंद पट्ट्यातले रेडिओ संकेत शोधतात, कारण ट्रान्समीटर कसे वागतात हे त्यांना माहीत असतं. म्हणजे पुन्हा खुणाच.

दूरवरून, फक्त ऐकीव माहितीवर आणि तात्पुरतं मत बनवायचं असेल तर गुंतागुंतीची पद्धत घ्या, हरकत नाही. वस्तू हाताशी असेल तर मी दुसरीच सुचवेन. तिला वेळ लागतो, भिंग लागतं, त्याच जागचे बरेच नमुने लागतात, आणि ‘सांगता येत नाही’ हे उत्तर वारंवार पचवावं लागतं. दगडाचा फोटो पाठवून ‘हे नैसर्गिक आहे का?’ विचारणाऱ्यांकडे मी आधी दुसरा फोटो मागतो: दगड उलटा करून, एका बाजूने तिरपा उजेड टाकून, कड जवळून.