पोपट दाखवून विकलेला प्रोजेक्टर

दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर पोपट उडत होते. लाल, हिरवे, पिवळे. मग पाण्यात धप्पकन पडणारा टोमॅटो, मग होळीसारखी रंगांची उधळण. मी आणि माझा मेहुणा आ वासून बघत होतो. "फोर-के आहे साहेब, ९,००० ल्युमेन्स," दुकानदार म्हणाला. म्हणजे चित्र एकदम बारीक आणि उजेड भरपूर. प्रोजेक्टर साडेअठरा हजार, सोबत ‘अ‍ॅटमॉस’वाला, म्हणजे आवाज वरूनही आल्यासारखा वाटतो तसला, साउंडबार नऊ हजार. दिवाळीचा बोनस नुकताच जमा झाला होता. शिवाय लॅमिंग्टन रोडवर वीस वर्षं खरेदी करतोय, आपल्याला कोण फसवणार, ही घमेंड होतीच.

शनिवारी रात्री डोंबिवलीच्या घरी हॉलमध्ये पडदा लावला. दहावीतल्या लेकीने सिनेमा निवडला, २०१७ सालचा ‘४७ मीटर्स डाऊन’. दोन बहिणी शार्क बघायला पिंजऱ्यातून समुद्रात उतरतात आणि पिंजरा थेट तळाशी जातो. पुढचा जवळजवळ सगळा सिनेमा अंधाऱ्या पाण्यातच. लेक सगळी माहिती काढून बसली होती. पाण्याखालची दृश्यं टाकीत घेतलीत म्हणे, आणि खऱ्या समुद्रासारखे कण तरंगताना दिसावेत म्हणून त्या पाण्यात ब्रोकोली चिरून टाकली होती. "बाबा, ब्रोकोली शोधायची हं!"

होडी, ऊन, निळं आकाश इथपर्यंत ठीक चाललं. पिंजरा खाली गेला आणि पडद्यावर राखाडी धुकं पसरलं. काळा रंग कुठेच नाही. गडद निळ्याच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे, त्यात हलणारे चौकोन. ब्रोकोली राहू दे, बहीण कुठली आणि खडक कुठला हेही कळेना. मास्कमधलं बोलणं घशात गोळा अडकल्यासारखं. एका प्रसंगात अंधारात लाल फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याची मशाल, पेटते आणि भोवती शार्क दिसतात. आमच्या घरात कुणी किंचाळलंच नाही. बायको म्हणाली, "काय झालं आता?"

दुसऱ्या दिवशी कल्याणला मेहुण्याच्या ४३ इंची टीव्हीवर तोच प्रसंग लावला. लेक सोफ्यावर पाय घेऊन बसली. आणि हो, कण दिसले.

मग मी खोदायला लागलो. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: मूळ रिझोल्यूशन १२८०×७२०. म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास ठिपके. फोर-केचे ३८४०×२१६०, म्हणजे ब्याऐंशी लाखांच्या वर. बरोबर नऊपट! खोक्यावर ‘फोर-के सपोर्टेड’ होतं, आणि सगळी गोम त्या ‘सपोर्टेड’मध्ये. यंत्र फोर-केची फाइल वाचतं आणि दाखवताना तिची चटणी करतं. ल्युमेन्सचंही तसंच. प्रत्यक्ष पडद्यावर पोचणारा प्रकाश मोजतात तो ‘अ‍ॅन्सी ल्युमेन्स’मध्ये, आणि तो शब्द खोक्यावर कुठेच नव्हता. वर आणखी एक भानगड. प्रोजेक्टरला ‘वाइडव्हाइन एल-१’ ही, सिनेमाची चोरी रोखणाऱ्या सुरक्षेची, मान्यता नव्हती. ती नसली की ओटीटीवाले कमी दर्जाचंच चित्र पाठवतात. भरपूर उजेडातल्या पोपटांवर यातलं काही कळत नाही, अंधाऱ्या पाण्यात सगळं उघडं पडतं.

साउंडबारने तर कहरच केला. त्याला एचडीएमआयचं भोकच नाही! फक्त ब्लूटूथ, ऑक्स आणि ऑप्टिकल. यातल्या एकाही वाटेने अ‍ॅटमॉस येत नाही. वरच्या जाळ्यांमधून आवाज छताकडे जातो असं सांगितलं होतं. मेहुण्याने स्क्रू-ड्रायव्हर आणून जाळी उघडली. आत स्पीकरच नव्हता. काळा स्पंज होता.

माझी खरी चूक मात्र वेगळीच. "जीएसटीचं बिल हवं असेल तर अठरा टक्के वर पडतील," असं तो म्हणाला आणि मी कच्ची पावती घेतली. तिच्यावर ना मॉडेल, ना शिक्का, नुसतं ‘प्रो. + बार’ आणि आकडा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच आला. हाताशी यूपीआयची नोंद आणि खोक्याचे फोटो एवढंच आहे. तेवढ्यावर तक्रार नोंदवली आहे.

त्याआधी दुकानात गेलो होतो. "सपोर्टेड लिहिलंय ना साहेब, वाचायचं असतं," दुकानदार शांतपणे म्हणाला. साउंडबारचे चार हजार परत देईन, प्रोजेक्टरचं नाव काढू नका, असा तोडगा. मी घेतला नाही. मागच्या खोलीत एक तरुण जोडपं पोपट बघत उभं होतं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, त्याची केबल प्रोजेक्टरला जोडली आणि फ्लेअरचा प्रसंग लावला. दुकानदार "अहो, अहो" करत आला, पण तोवर मिनिटभर चालून गेलं होतं.

मुलगी भिंतीकडे डोळे बारीक करून बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "यात शार्क कुठेय?"