फ्लोरेन्सचा घुमट: आधी म्युझियम, मग 463 पायऱ्या

फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट चौकातून बघून, फोटो काढून लोक निघून जातात. तो बांधला कसा, हे मात्र आतला जिना चढल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी ‘ब्रुनेलेस्की पास’ लागतो. किंमत सुमारे 30 युरो, मुदत तीन दिवस. घुमटाबरोबर जोत्तोचा घंटामनोरा, बाप्तिस्तेरी (बाप्तिस्म्याची वेगळी इमारत), कॅथेड्रलखालच्या सांता रेपाराता या जुन्या चर्चचे अवशेष आणि कॅथेड्रलचं म्युझियमही त्यात येतं. पास स्वस्त नाही, पण पैसे वसूल होतात.

घुमटाची वेळ बुकिंग करतानाच ठरते आणि नंतर बदलून मिळत नाही. म्हणून त्या वेळेच्या आधी दोनेक तास ठेवून म्युझियम बघावं. घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीच्या काळातले लाकडी नमुने, कप्प्या, विटांचे साचे तिथे आहेत. ते डोळ्यांखालून गेले की जिन्यातली प्रत्येक वीट बोलायला लागते. उलट क्रमाने गेलात तर जिना म्हणजे नुसती दमछाक. म्युझियममध्ये शिल्पकार गिबेर्तीने बाप्तिस्तेरीसाठी घडवलेले मूळ सोनेरी दरवाजे आणि शिल्पकार दोनातेल्लोची लाकडी मॅग्डलीनही (ख्रिस्ती संत स्त्रीचा पुतळा) आहे. मॅग्डलीनसाठी तरी अर्धा तास राखून ठेवा.

पायऱ्या 463, लिफ्ट नाही. सुरुवातीचा गोल जिना अरुंद आहे. हृदयविकार असलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी हा नाद सोडावा. मध्येच मागे फिरणं अवघड जातं. मोठी बॅग आधीच जमा करायची, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

वाटेत वासारी आणि झुक्कारी यांच्या ‘अंतिम न्याया’च्या चित्रांखालून जाता येतं. लांबून बघण्यासाठी काढलेली ही चित्रं जवळून भरड दिसतात, तिथे फार रेंगाळू नका. खरी मजा त्याच्या पुढे आहे. घुमटाला दोन कवच आहेत, आतलं जाड आणि बाहेरचं पातळ, आणि जिना त्यांच्या मधून जातो. इथे थांबून भिंत नीट बघा. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी लावलेली दिसते आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी तयार होते. ही सजावट नाही. घुमट आत झुकत जातो तसतशी ओल्या चुन्यावरची वीट घसरायला बघते. शेल्फवरच्या पुस्तकांना टेकू द्यावा तशी ही उभी वीट तिला धरून ठेवते आणि थराचं कडं पूर्ण झालं की ते स्वतःच्या ताकदीवर उभं राहतं. म्हणूनच 1420 ते 1436 एवढं काम खालून लाकडी सेंटरिंग न लावता झालं. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचा घुमट काँक्रीटचा आहे. प्राचीन रोमचे अवशेष अभ्यासलेल्या ब्रुनेलेस्कीने तेवढ्याच आवाक्याचं काम विटांत करून दाखवलं.

शेवटच्या पायऱ्या आतल्या कवचाच्या पाठीवरूनच वर जातात आणि फार खड्या आहेत. कठडा धरूनच चढा.

खाली उतरल्यावर आग्नेयेकडून एकदा वर बघा. घुमटाच्या पायथ्याची संगमरवरी गॅलरी आठांपैकी त्या एकाच बाजूला आहे. मायकेलअँजेलोने तिला रातकिड्यांचा पिंजरा म्हटलं आणि काम तिथेच थांबलं, असं सांगतात. उरलेल्या सात बाजूंना उघडा खडबडीत दगड आजही तसाच आहे.